रिकाम्या खोलीतली ओल

१

दुपारी तीनच्या सुमाराला पाचव्या मजल्याच्या लांबलचक गॅलरीत घरर्र घरर्र असा आवाज सुरू झाला, की कुठल्या ना कुठल्या दारातून कोणीतरी म्हणायचंच, "आले पारेवाले!"

पारेवाले म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढून नुकतेच निवृत्त झालेले, काडीसारख्या अंगाचे आणि जाड चष्म्याचे गृहस्थ. हातात लाकडी मुठीची भिंगरी. तिच्या चौकटीत शेजारीशेजारी दोन तापमापक. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या तळाला मलमलीचं टोपडं. टोपडं पाण्यात बुडवायचं, भिंगरी दोन मिनिटं गरागरा फिरवायची, पारा हलायच्या आत दोन्ही आकडे वाचायचे आणि वहीत टिपायचे. एवढंच काम. पण एवढंच काम चोख करणारा माणूस शहराच्या आरोग्य खात्याला सापडत नव्हता, म्हणून निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात त्यांना पुन्हा बोलावणं आलं.

त्या वर्षीचा उकाडा काही साधा नव्हता. आभाळ पांढरं, झाडाचं पान हलत नाही, आणि हवा अशी की ओली घोंगडी पांघरून फिरतोय असं वाटावं. आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा भिजलेलं.

"ऊन मारत नाही, काका. खोली मारते," खात्याच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाहेरचा आकडा रोज बातम्यांत येतो. माणसं जातात ती घरात, पंख्याखाली. तुम्ही मला घरातला आकडा आणून द्या."

पारेवाल्यांना ते लगेच कळलं. दोन तापमापकांत अंतर जास्त असेल तर हवा कोरडी. मग घाम वाळतो, अंग निवतं. अंतर कमी झालं की समजायचं, हवेचं पोट भरलं. घाम नुसता गळत राहतो, वाळत नाही. आणि न वाळलेल्या घामाचा उपयोग शून्य.

पाचव्या मजल्यावर एका मापाच्या सहा खोल्या होत्या. प्रत्येकीला मागच्या बाजूला एकच खिडकी, आणि खिडकीखाली नाला. उकाड्यानं नाल्याचा वास असा उठला होता की सगळ्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. पाचव्या खोलीतलं कुटुंब गावाला गेलेलं. त्या रिकाम्या खोलीत आठ अंशांचं अंतर येई. पहिल्या खोलीत निवृत्त बसड्रायव्हर एकटेच राहत, तिथे सात. दुसरीत आणि तिसरीत दोघंदोघं, तिथे सहा. चौथीत तिघं, तिथे पाच. सहावीत दिवसभर इस्त्रीची वाफ, म्हणून ती गणितात नाही. आठातून माणसं वजा करा, आकडा तयार! पारेवाले स्वतःही आत असत. पण ते सगळ्याच खोल्यांत असत, म्हणून त्यांना धरायचं नाही.

हे गणित सापडलं त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश झाले होते.

"म्हणजे तुम्ही डोळे मिटूनसुद्धा माणसं मोजाल," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

२

सहाव्या खोलीतला इस्त्रीवाला उष्णतेच्या लाटेच्या दुसऱ्याच दिवशी गेला. सकाळी कपडे न्यायला आलेल्या बाईनं दार ढकललं, तर हा भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर. त्याचं जवळचं असं कोणी नव्हतं. त्याला नेलं, गिऱ्हाइकांनी आपापले कपडे ओळखून उचलले, आणि पहारेकऱ्यानं खोलीला कुलूप ठोकलं.

"माणूस गेला तरी खोली आहे ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोजत राहा. खिडकी तेवढी उघडू नका, नाहीतर आकड्यांचा मेळ बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडून दोन्ही किल्ल्या घेऊन पारेवाले आधी पाचवीत गेले. आठ. मग सहावीत. इस्त्रीचं टेबल, त्यावर जळकी चादर, कोपऱ्यात गार पडलेली जड इस्त्री. खिडकीच्या फटींना आतून कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवलेल्या. भिंगरी फिरवली, वाचली. पुन्हा फिरवली.

सात.

टेबलाखाली कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. "हं, सापडलीस," असं म्हणून त्यांनी ती बाहेर नेऊन मोरीत ओतली.

त्याच्या पुढच्या दिवशीही सातच.

मग त्यांनी छताला गळती आहे का ते पाहिलं. गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. ती इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. नळ पिरगाळून पाहिला, पाणी तोडलेलंच होतं. भिंतीवरून तळहात फिरवत गेले, आणि दारासमोरच्या भिंतीवर हात थांबला. तिथे ओल होती. जमिनीपासून वीतभर वर सुरू होऊन खांद्याच्या उंचीला संपणारा ओला डाग. उन्हातून आलेला माणूस उघड्या पाठीनं भिंतीला टेकून बसला, की उठल्यावर मागे राहतो तसा.

डाग कोमट होता. प्रयोगशाळेतल्या सवयीनं त्यांनी नाक जवळ न नेता हातानं वास आपल्याकडे ओढून घेतला. माणसाच्या घामाचा, आणि त्याखाली पुसटसा जळक्या कापडाचा.

"भिंतीत मुरलेलं असणार," ते स्वतःशीच म्हणाले. "इतकी वर्षं राहिला बिचारा."

आणि कुलूप लावताना त्यांनी ते एकदा सोडून दोनदा ओढून पाहिलं.

३

बसड्रायव्हरांची आणि त्यांची चांगलीच गट्टी जमली होती. ड्रायव्हर पलंगावर मांडी घालून, बनियन गळ्यापर्यंत गुंडाळून बसलेले असत, आणि पारेवाले आले की दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून त्यांचं स्वागत करत.

"फिरवा, फिरवा तुमची भिंगरी. तेवढाच वारा!"

लाटेच्या सहाव्या दिवशी पारेवाल्यांनी भिंगरी वाचली आणि चष्मा पुसला. आठ.

"काय झालं? नापास झालो का?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"वाचण्यात चूक झाली असेल," पारेवाले म्हणाले. टोपडं पुन्हा बुडवलं, फिरवलं. आठच. समोर धडधाकट माणूस श्वास घेत, बडबडत बसलाय आणि आकडा म्हणतो, खोलीत कोणी नाही.

"अजून दोन स्टॉप आहेत," ड्रायव्हर मध्येच म्हणाले.

"काय म्हणालात?"

"कुठे काय? काहीच नाही." ते खुळ्यासारखे हसले. "उकाड्यानं डोकं चालत नाही हो."

सहाव्या खोलीत त्या दिवशी सहा आले. पारेवाल्यांना वाटलं, आपलीच कुठेतरी गडबड झाली. इतक्या वर्षांत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे लिहिला नव्हता. पण वय झालं की माणूस चुकतो, आणि अशा हवेत तर कोणीही चुकेल. वहीत त्यांनी दोन्ही आकड्यांपुढे बारीक प्रश्नचिन्हं काढली. भिंतीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढत होते, तर वरून चौघं जण ड्रायव्हरांना चादरीत घेऊन उतरत होते. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडंच होतं.

४

"अगं, एक विचारू?" त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. ती जमिनीवर ओलं फडकं फिरवून तिथेच बसली होती. पंखा नुसता कुरकुरत होता. "एखाद्या बंद खोलीत कोणी नसताना ओल कुठून येत असेल?"

"पाणी झिरपत असेल."

"पाहिलं. नाही झिरपत."

"मग तुमचं यंत्र बिघडलं असेल."

"पाचवीत बरोबर दाखवतं."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला या माणसाचा आवाज कधी बारीक होतो ते ठाऊक होतं. "अहो, तुम्हाला हवा मोजायला पाठवलंय, माणसं मोजायला नाही. उद्या सुट्टी घ्या."

"सुट्टी कशी घेऊ? वहीत खाडा पडेल."

"पडू दे की."

पण ते गेले. न जाऊन चाललंच नसतं. आता वही एक सांगत होती आणि त्यांचं डोकं दुसरं, आणि दोघांतलं कोण खोटं बोलतंय हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागला नसता.

५

चौथ्या खोलीत तिकीटवाल्या आजी राहत. चित्रपटगृहाच्या खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचा उजवा पाय ओढला जाई आणि खुर्चीत त्या एका अंगावर कलून बसत. लेक घरातच शिवणकाम करी. जावई मालवाहू गाडीवर, दुपारी जेवायला घरी. तिघांची तोंडं सदा चालू.

"पारेवाले, आज कुठला खेळ?" आजी विचारत. "बाल्कनी की पुढचे बाक?"

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. त्या खुर्चीत कललेल्या होत्या, समोर बघत. पारेवाल्यांनी भिंगरी फिरवली. पाच यायला हवे होते.

सहा.

त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. लेकीच्या हनुवटीवरून घामाचा थेंब शिवणावर पडला आणि ती चिडून तो पुसत होती. जावई भिजलेल्या बनियननं स्वतःलाच वारा घालत होता. आजींचं कपाळ मात्र कोरडं होतं. गळा कोरडा. हात कोरडे, पिठासारखे.

"आजी, बरं वाटतंय ना?"

"ती भिंत फार तापलीय हो," आजी म्हणाल्या. त्यांची खुर्ची खोलीच्या मधोमध होती. जवळपास भिंतच नव्हती.

पारेवाले बाहेर पडले आणि थेट सहाव्या खोलीचं कुलूप काढलं. भिंगरी फिरवली. अंतर आलं पाच. या खेपेला त्यांनी भिंतीकडे पाहिलं. दोन डाग शेजारीशेजारी, रुंद, पुरुषी पाठींचे. आणि त्यांच्या डाव्या हाताला तिसरा, अजून पुरता न उमटलेला. आखूड. एका अंगाला कललेला.

ते धावत चौथीत आले. या वयात आणि असल्या हवेत ते धावले, यावरून काय ते समजावं.

"उचला त्यांना," ते जावयाला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. घाम थांबलाय त्यांचा."

"अहो काका, झोप लागली असेल—"

"उचल म्हणतो ना!"

एकतीस वर्षांत त्यांनी पोरांवरसुद्धा आवाज चढवला नव्हता. जावयानं मुकाट्यानं सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. ओली चादर गुंडाळून आजींना त्याच्याच गाडीतून नेलं.

ताप एकशे सहाच्या वर गेला होता. बर्फात ठेवलं, सलाईन लावलं. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. "अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. काका, तुमच्या त्या भिंगरीनं आज माणूस वाचवला."

पारेवाल्यांनी फोन ठेवला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. घाम थांबणं हे उष्माघाताचं लक्षण, पुस्तकातलं. माणसाचा घाम थांबला, म्हणून खोलीतली ओल घटली. सगळं कसं सरळ होतं. सहाव्या खोलीचं काय, हा प्रश्न त्यांनी त्या दिवसापुरता बाजूला सारला आणि पोटभर जेवले.

६

चार दिवसांनी आजी घरी आल्या. लेकीनं दारातच पारेवाल्यांचे पाय धरले.

"काका, तुमच्यामुळे माझी आई आहे."

"अगं, उठ, उठ. मी काय केलं? आकडा वाचला."

आजी खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगावर लेकीनं शिवलेला नवा सैल झगा. हसल्या, पाणी प्यायल्या, जावयाला चार टोमणेही मारले. लाट अजून ओसरली नव्हती. जरा हललं तरी लेकीच्या पाठीवर धारा लागत होत्या.

पारेवाल्यांनी भिंगरी फिरवली. खरं तर त्या दिवशी त्यांना ती फिरवायचीच नव्हती.

सहा.

खोलीत माणसं तीन. आकड्यात दोन.

"औषधांनी असेल," ते पुटपुटले आणि सहावीकडे गेले. तिथे अजून पाच होते. तिसरा डाग आता पुरता भरला होता. इतका, की त्याच्या खालच्या कडेवरून पाण्याचा एक ओघळ जमिनीपर्यंत आला होता. खोलीत आवाज काहीच नव्हता. म्हणजे आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं. पण भिंगरी थांबल्यावर जी शांतता व्हायला हवी ती झाली नाही. बंद गाडीत माणसं गुपचूप बसलेली असली म्हणजे जशी भरलेली शांतता असते, तशी होती.

त्यांच्या चष्म्याच्या काचेवर वाफ धरली. समोरून. कोणीतरी अगदी जवळ येऊन तोंडानं श्वास सोडावा तशी.

ते उलट्या पावलांनी बाहेर आले.

७

दुसऱ्या दिवशी लेक खाली दुकानात गेली होती आणि जावई गाडीवर. आजींनी पारेवाल्यांना हातानंच बसायची खूण केली.

"भिंगरी ठेवा खाली. तिला काय विचारायचं? मीच सांगते."

"काय सांगता, आजी?"

"तुम्ही मला आणलंत, पण अर्धीच आणलीत."

बाहेर कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज आला. पारेवाल्यांना किती बरं वाटलं त्या आवाजानं!

"इथे मला काही होत नाही बघा," आजी आपला कोरडा हात उलटा सुलटा करून पाहत म्हणाल्या. "ऊन नाही, तहान नाही. लेक पाणी देते, मी पिते. कुठे जातं कोण जाणे. ती पाय चेपते, ते मला दिसतं, पण कळत नाही. आणि तिथे…" त्यांनी सहाव्या खोलीच्या दिशेनं मान वळवली. "तिथे उकाड्यानं जीव जातोय, पण जात नाही. भिंत अशी तापलीय! इस्त्रीवाला इकडचा तिकडे सरकत नाही. ड्रायव्हर सारखा विचारतो, गाडी कधी सुटायची. मी म्हणते, अरे बाबा, मला काय विचारतोस? खेळ संपला तरी दारं कोणी उघडली नाहीत, यात माझा काय दोष?"

"आजी, ताप डोक्यात गेला होता तुमच्या. अशानं भास होतात. डॉक्टरबाई म्हणाल्या—"

"पारेवाले." आजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमच्या वहीत किती आहेत?"

त्यांनी वही मांडीवर पालथी घातली. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि शिकायचं वय गेलं होतं.

"खिडकी उघडा तिथली," आजी म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या."

"आणि मग? मग इथे तुमचं…?"

"ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्या हसल्या, खिडकीमागून गिऱ्हाइकाकडे बघून हसत असतील तसं, जरा थकलेलं. "फक्त तिला सांगू नका."

लेक हातात पिशवी घेऊन दारात आली. "काय चाललंय दोघांचं? काका, आता आई ठणठणीत. सगळ्यांना पुरून उरणार बघा!"

त्या संध्याकाळी पारेवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, घाबरलीही नाही. ओल्या पंच्यानं त्यांची पाठ पुसत राहिली.

"त्यांनी स्वतः सांगितलं ना, उघडा म्हणून?"

"हो."

"आणि लेक?"

"तिला कसं विचारू? आणि काय म्हणून विचारू? तुझी आई समोर बसलीय, पण बसलेली नाही, असं?"

पंचा थांबला. "मला विचाराल," ती हळूच म्हणाली, "तर माझ्यावर अशी वेळ आली ना, तर उघडा. माझ्या पोरांना न विचारता उघडा."

८

दोन दिवसांनी वारं फिरलं. सकाळपासून झाडांची पानं उलटी पांढरी दिसायला लागली, दुपारपर्यंत कोरडा वारा असा सुटला की नाल्याचा वास पार पलीकडे गेला. महिनाभर मिटलेल्या खिडक्या एकेक करून धाडधाड उघडल्या. माणसं गॅलरीत येऊन नुसतीच उभी होती, हात पसरून. डॉक्टरबाईंनी निरोप धाडला, आज शेवटचं मोजून घ्या आणि वही जमा करा.

पारेवाले चौथ्या खोलीच्या दारात थांबले. आजींची खुर्ची लेकीनं खिडकीपाशी नेली होती. आजींनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. एकदाच.

सहाव्या खोलीत पाऊल टाकताच त्यांचा सदरा अंगाला चिकटला. बाहेर एवढा वारा, आणि इथे त्याचा मागमूस नाही. भिंगरी त्यांनी टेबलावर ठेवली. भिंतीकडे पाठ करावी लागणार होती, त्याला इलाज नव्हता. खिशातली घरची किल्ली काढून ते खिडकीच्या कागदी पट्ट्या खरवडू लागले. खळ दगडासारखी वाळलेली. नखं दुखली, कागदाचे तुकडे बोटांना चिकटले. आणि मागे, इतका वेळ जी भरलेली शांतता होती, ती हलली. बरीच माणसं एकदम उठायच्या बेतात असली, की होते तशी.

"थांबा," ते मागे न बघता म्हणाले. "उघडतोय."

कडी निघाली. तावदान एकदा अडलं, दोनदा अडलं, मग कर्रकन उघडलं. ते झटकन बाजूला झाले आणि भिंतीला अंग चिकटवून उभे राहिले, वाट देतात तसे.

वारा आत आला नाही. आधी आतलं बाहेर गेलं. त्यांच्या गालाजवळून एक कढत झोत गेला, जळक्या कापडाच्या वासाचा. पाठोपाठ दुसरा, घाईघाईचा, आणि त्यात डिझेलचा वास होता. त्याच्या धक्क्यानं टेबलावरची भिंगरी आपोआप अर्धा फेरा फिरली.

मग काहीच नाही.

पारेवाल्यांनी वळून पाहिलं. भिंतीवरचे दोन डाग कडांकडून वाळत चालले होते, चुना पांढरा होत होता. तिसरा होता तसाच होता.

"आजी," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "उघडलीय खिडकी."

जमिनीवर एक पाऊल वाजलं. मग काहीतरी ओढल्याचा आवाज. पुन्हा पाऊल, पुन्हा ओढणं. थांबत थांबत. त्यांना डोळे मिटून घ्यायचे होते, पण ते मिटले नाहीत. समोर मोकळ्या खोलीशिवाय काही दिसलं मात्र नाही. फक्त मधल्या हवेतून पलीकडची भिंत किंचित हलताना दिसली, तापलेल्या रस्त्यावर दिसतं तसं. तो हलणारा पट्टा ठेंगणा होता, एका अंगाला कललेला. तो त्यांच्यापाशी आला आणि थांबला. त्यांच्या मनगटावर ओलसर, कोमट वजन पडलं. उंबरठा ओलांडताना म्हातारं माणूस आधार घेतं तेवढंच, तेवढाच वेळ.

मग ते वजन उचललं गेलं, आणि वारा आत आला. कागदाचे कपटे खोलीभर उडाले.

भिंत कोरडी होती.

पारेवाले खिडकीची चौकट धरून उभे राहिले. वही टेबलावर होती, तिच्यात शेवटचा आकडा भरायचा होता. त्यांनी ती उघडली नाही. चौथ्या खोलीतून लेकीचा आवाज येत होता. तिनं मशीन दारापाशी ओढून घेतलं असावं, शिवता शिवता ती बोलत होती.

"…आणि खिडकी आता बंद करायचीच नाही, कळलं? वास आला तर आला. अशी झुळूक लागल्यावर तुला भूक लागेल बघ. संध्याकाळी तुला खाली अंगणात नेऊन बसवू, हे येतील ना गाडीवरून, तेव्हा. खूप दिवसांत अंगणात बसली नाहीस तू."

पाच खोल्यांपलीकडे नव्हे, एकच खोली सोडून. जाऊन सांगायला वीस पावलं पुरली असती. पारेवाल्यांना ते ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं, की आपण जाईपर्यंत त्या पोरीची आई आहे. म्हणून ते हलले नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा हळू घेतला.

"आई, माझी कात्री कुठे ठेवलीस गं?" लेकीनं विचारलं.

मशीन जरा वेळ चाललं. मग तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, थोडा मोठ्यानं.